उड्या मारणाऱ्या कुत्र्याच्या घरात श्रीखंड: चक्क्याच्या जाळीच्या डब्याचं परीक्षण

घरात वर्षभराचा खेळकर लॅब्रेडॉर किंवा बीगल असेल, तर पंच्यात दही बांधून रात्रभर खुंटीला टांगणं सोडून द्या. उडी मारून गाठोडं खाली ओढणं एक वेळ परवडलं. खरा धोका रिकाम्या पंच्याचा असतो. चक्का काढल्यावर मोरीत टाकलेल्या त्या ओल्या फडक्याला दह्याचा वास असतो आणि कुत्रा तो चघळता चघळता गिळतो. कापड आतड्यात अडकलं की पोट उघडून काढण्याची पाळी येते. ‘हंग कर्ड मेकर’ नावाने मिळणारा जाळीचा डबा मला एवढ्यासाठीच घेण्यासारखा वाटतो: आत बारीक स्टीलची जाळी, खाली पाणी साठायला जागा, वर झाकण, आणि सगळं फ्रिजच्या दारामागे. चैत्राच्या उकाड्यात बाहेर टांगलेलं दही आंबट होतं, तेही इथे टळतं.

डबा दीड लिटरचा घ्या. एक लिटरच्या डब्यात किलोभर दही जेमतेम मावतं आणि खालची जागा हमखास कमी पडते. किलोभर दह्यातून निम्म्याहून जास्त पाणी सुटतं. ते जाळीच्या तळाला टेकलं की गळणं थांबतं आणि सकाळी वर लगदा, खाली तळं अशी अवस्था होते. म्हणून तीन-चार तासांनी एकदा पाणी ओतून टाकायचंच. थंडाव्यात गळती सावकाश होते, तेव्हा दहा-बारा तास धरून चाला.

दूध ६ टक्के स्निग्धांशाचं फुल क्रीम किंवा म्हशीचं हवं. दही लागल्यावर चार तास फ्रिजमध्ये घट्ट होऊ द्या आणि न ढवळता मोठ्या डावाने जाळीत उतरवा. फेटलेलं किंवा पातळ दही जाळीतून निसटतं. खालची निवळी हिरवट-पिवळी आणि स्वच्छ असेल तर सगळं ठीक. पांढरी, गढूळ दिसली तर दहीच गळतंय.

पंच्याइतका कोरडा चक्का मात्र हा डबा देत नाही, कारण कापड पाणी शोषतं आणि पिळताही येतं. शेवटचे दोन-तीन तास दह्यावर छोटी ताटली आणि तीवर पाण्याने भरलेली वाटी ठेवा, फरक पडतो. सुरुवातीपासून वजन ठेवलं तर दही जाळीतून ढकललं जातं. किलोभर दह्याचा साधारण ४०० ते ४५० ग्रॅम चक्का मिळतो. त्याला पाऊणपट साखर पुरते. कालवून तास-दोन तास ठेवा आणि मग पुरणयंत्रातून काढा. जाळीमुळे चक्का मऊ दिसतो म्हणून पुरणयंत्र टाळू नका, बारीक गुठळ्या राहतातच.

कुत्र्याचा वाटा साखर घालण्यापूर्वी बाजूला काढायचा. दहा किलोच्या कुत्र्याला एक-दोन चहाचे चमचे साधा चक्का पुष्कळ झाला. पोट बिघडलं तर तोही बंद. तयार श्रीखंड अजिबात नाही. साखर आहे, शिवाय जायफळातलं मायरिस्टिसिन कुत्र्यांना बाधतं. वरून मनुका पेरत असाल तर जास्त जपा: द्राक्षं आणि मनुका यांनी कुत्र्याची मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात, आणि अमुक इतक्या चालतील असं कोणी सांगू शकत नाही. साखरेऐवजी गोडवा देणारी पूड वापरणाऱ्यांनी पुडक्यावर झायलिटॉल लिहिलंय का ते वाचा. ते पोटात गेलं तर कुत्र्याची रक्तशर्करा झपाट्याने घसरते आणि यकृतालाही इजा होऊ शकते. असं काही खाल्लं तर लक्षणांची वाट न बघता पशुवैद्य गाठा. आम्रखंड करताना आंब्याचा नुसता गर कुत्र्याला चालतो, बाठा नाही. तो थेट झाकणाच्या कचरापेटीत.

धुण्यात डबा थोडा कटकटीचा आहे. जाळी आधी गार पाण्याखाली उलटी धरा. गरम पाण्याने प्रथिनं तारांवर थिजतात आणि पुढच्या वेळी पाणी गळत नाही. मऊ टूथब्रश बाहेरच्या बाजूने फिरवा. तारेच्या घासणीने जाळी फाटते, आणि एकही तार सुटलेली दिसली तर ती जाळी वापरू नका, कारण तुकडा चक्क्यात येतो. झाकणाची सिलिकॉनची कडी वास धरून ठेवते. ती काढून धुवावी लागते, आणि ओट्याच्या कडेला वाळत घातली तर कुत्रा पळवणार, म्हणून वरच्या फळीवर ठेवा. कडी निघतच नसेल असा डबा घेऊ नका.

उरलेली निवळी कुत्र्याच्या वाडग्यात ओतू नये. दह्यातलं बरंचसं लॅक्टोज तिच्यात उतरतं आणि अनेक प्रौढ कुत्र्यांना ते पचत नाही, जुलाब होतात. थालीपिठाचं पीठ भिजवायला किंवा कढीला ती छान लागते.