वडोदऱ्यात घर: बांधकाम चालू असलेलं की पुनर्विक्रीचं?

भायली-गोत्रीकडच्या नव्या स्कीममध्ये बुकिंग करताना आधी गुजरात रेराच्या (बांधकाम प्रकल्पांवर देखरेख ठेवणारं सरकारी प्राधिकरण) साइटवर स्कीमचा नोंदणी क्रमांक तपासा. नोंदणीकृत बानाखत (खरेदी-विक्रीचा करार) झाल्याशिवाय किमतीच्या १० टक्क्यांहून जास्त रक्कम बिल्डरला घेता येत नाही. "आज चेक द्या, उद्या भाव वाढेल" म्हणणाऱ्यापुढे हाच नियम ठेवा. वर ५ टक्के जीएसटी (परवडणाऱ्या घरांना १), आणि ताबा मिळेपर्यंत भाडं अधिक हप्ता! बीयू परवानगी (इमारत वापरायला योग्य असल्याचा दाखला) आल्यानंतर घेतलं तर जीएसटी नाही.

दांडिया बाजार, रावपुऱ्यासारख्या जुन्या वस्तीत पुनर्विक्रीचं घर घेतलं तर जीएसटी वाचतो, ऊन-पाणी डोळ्यांनी दिसतं. पण खरी मेहनत कागदांची. वारसांपैकी एकाचीही सही राहिली तर व्यवहार अडतो. शहराच्या काही भागांत अशांत धारा (संवेदनशील भागांतल्या मालमत्तेच्या विक्रीवर निर्बंध घालणारा गुजरातचा कायदा) लागू आहे. तिथे कलेक्टरच्या परवानगीशिवाय विक्रीचा दस्तावेज होत नाही, म्हणून बानाखतात परवानगीची अट आणि बयाणा परत मिळण्याची मुदत लिहून घ्याच.

दोन्हीकडे स्टॅम्प ड्यूटी ४.९ टक्के, नोंदणी शुल्क १ टक्का; घर फक्त बाईच्या नावावर असेल तर हे नोंदणी शुल्क माफ.

घाई असेल आणि टायटल (मालकी हक्क) स्वच्छ असेल, तर आम्ही पुनर्विक्रीचंच घर सुचवू.