ब्लू कार्ड की स्किल्ड वर्कर? दोन्हीकडे राहिल्यावरचं मत

लंडन आणि श्टुटगार्ट अशा दोन ऑफर हातात असतील, तर पगाराचा हिशेब तुम्ही केव्हाच मांडला असेल. मी आधी इंग्लंडमध्ये स्किल्ड वर्कर व्हिसावर होतो, आता जर्मनीत ब्लू कार्डावर, म्हणजे कुशल परदेशी लोकांसाठीच्या तिथल्या कामाच्या परवान्यावर आहे. त्या हिशेबात न दिसणारं तेवढं सांगतो.

इंग्लंडमध्ये रुळायला वेळ लागत नाही. भाषेची अडचण नाही, लंडनला 1932 पासूनचं महाराष्ट्र मंडळ आहे. जोडीदाराला नोकरी करता येते, ती जर्मनीतही येते. हेल्थ सरचार्ज, म्हणजे तिथल्या सरकारी आरोग्यसेवेसाठी व्हिसाबरोबर भरायची रक्कम, मात्र अंगावर येतो: मोठ्या माणसाला वर्षाला 1,035 पौंड, मुलाला 776. नवरा-बायको, एक मूल आणि पाच वर्षांचा व्हिसा धरला तर 14,230 पौंड, तेही अर्ज करतानाच. अर्थात पैसे पुढे भरून निघतात.

मला खरा त्रास झाला तो नोकरी बदलताना. तिथला व्हिसा कंपनीने दिलेल्या स्पॉन्सरशिपच्या सर्टिफिकेटला बांधलेला असतो. नवी कंपनी स्पॉन्सर परवाना असलेलीच हवी, तिचं नवं सर्टिफिकेट हवं, मग नवा अर्ज, पुन्हा फी. आमचा प्रकल्प गुंडाळणार अशी कुणकुण लागली आणि मी दुसऱ्या नोकऱ्यांसाठी अर्ज करायला बसलो. जवळपास प्रत्येक फॉर्मवर तोच प्रश्न: ‘आता किंवा पुढे स्पॉन्सरशिप लागेल का?’ ‘हो’वर खूण केली की पुढे फोनच नाही. नोकरी गेली तर नवी कंपनी शोधायला किंवा देश सोडायला हातात साधारण 60 दिवस. मुलीची शाळा, घराचा करार आणि हे 60 दिवस डोक्यात असले की साहेबांना एखाद्या कामाला ‘नाही’ म्हणणंही जड जातं.

ब्लू कार्डावर पहिले 12 महिने नोकरी बदलताना परदेशी नागरिक कार्यालयाला कळवावं लागतं. ते बदल 30 दिवस थांबवू शकतात, अटी पूर्ण होत नसतील तर नाकारूही शकतात. त्यानंतर विचारायचं कारण नाही. शिवाय पेन्शनचे हप्ते नियमित गेले असतील तर ए-1 (अगदी प्राथमिक) जर्मनवर 27 महिन्यांत, बी-1 (मध्यम पातळी) असेल तर 21 महिन्यांत कायमचा परवाना मागता येतो. इंग्लंडमध्ये त्यासाठी पाच वर्षं होती आणि मे 2025 मध्ये सरकारने ती दहा करण्याचा प्रस्ताव मांडला.

जर्मनीतही सगळं सुरळीत नाही. मोठ्या शहरांत अपॉइंटमेंट मिळता मिळत नाही, सरकारी पत्रं जर्मनमध्ये येतात, आणि आपली पदवी व विद्यापीठ ‘आनाबिन’ या परदेशी पदव्यांच्या जर्मन यादीत कसं नोंदलंय ते निघण्याआधीच बघावं लागतं. पुण्यात असाल तर जर्मन शिकायला मॅक्स म्युलर भवनात आत्ताच नाव घाला. लग्न झालेलं नसेल, दोन-तीन वर्षांचाच अनुभव हवा असेल, तर लंडन कदाचित तुम्हाला जास्त मानवेल. पण कुटुंब घेऊन जाणाऱ्याला मी जर्मनीच सुचवेन.

तरीही इंग्लंड ठरलंच, तर सही करण्याआधी दोन गोष्टी लेखी घ्या: सरचार्ज कोण भरणार, आणि कंपनीने भरला तर मध्येच नोकरी सोडल्यावर त्यातला किती परत मागणार.