पाहुणचार शिकवणारा धड्यांचा संच: दार पक्के, पंगत कच्ची

रविवारच्या ख्रिस्ती धर्मशिक्षण वर्गासाठी बायबलमधल्या गोष्टींवर काढलेला हा सहा पाठांचा मराठी संच ६ ते १२ वर्षांच्या मुलांसाठी आहे. खोक्यात शिक्षकांची पुस्तिका, पुठ्ठ्याचे घडीचे दार, फेल्टचा फलक, त्यावर लावायच्या आकृत्या, कामवाटपाच्या चिठ्ठ्या आणि कोऱ्या निमंत्रणपत्रिका निघतात. घ्यावा का? घ्यावा. पण पहिला, चौथा आणि सहावा पाठ छापलाय तसा शिकवू नये.

कोकणातल्या मुलांना पाहुणचार वेगळा शिकवावा लागत नाही, असे पालक म्हणतात. ते अर्धे खरे आहे. मामा आले, मुंबईहून चाकरमानी आले, की काय करायचे ते पाच वर्षांच्या पोरालाही कळते. अनोळखी माणूस पडवीत उभा राहिला, की तेच पोर आत पळते आणि ओरडते, "आई, कोणतरी आलंय!" या 'कोणतरी'चे काय करायचे, हे संच शिकवतो की नाही, एवढ्यावरच आम्ही तो तोलला. नव्या कराराच्या ग्रीक मजकुरात पाहुणचारासाठी 'फिलोक्सेनिया' हा शब्द येतो. त्याचा सरळ अर्थ परक्यावरचे प्रेम. पुस्तिकेने हे शेवटच्या पानावर चौकटीत टाकले आहे. ते पहिल्या पानावर हवे होते.

पहिला पाठ बायबलच्या उत्पत्ती या पुस्तकाच्या १८व्या अध्यायावर आहे: भर दुपारी तंबूच्या दाराशी बसलेला अब्राहाम आणि समोर उभे तिघे. पुठ्ठ्याचे दार इथेच वापरायचे. एक मूल दार उघडणारे, एक पाहुणा, दोन घरातले. पुस्तिकेचा क्रम असा: हसून नमस्कार करा, नाव विचारा, कुठून आलात ते विचारा, बसवा, पाणी द्या. इथे हा क्रम फसतो. आपल्याकडे पहिला प्रश्न मुळातच "कोणाचो रे तू? खंयसून इलंस?" (कोणाचा तू? कुठून आलास?) असा असतो. ओळखीतल्या माणसाला तो आपुलकीचा वाटतो, परक्याला मात्र ती चौकशी वाटते. उत्तर पटले तरच आत घेणार, असा त्याचा सूर लागतो. अब्राहामाची गोष्ट नीट वाचली तर त्याने नाव-गाव काहीच विचारलेले नाही. पाणी, पाय धुणे, झाडाची सावली, मग भाकर, असा त्याचा क्रम आहे. म्हणून मुलांकडून असे करून घ्यावे: पाहुणा दिसताच उठून उभे राहायचे, "या, आत या" म्हणायचे, ओली छत्री हातातून घ्यायची, जागा दाखवायची, पाणी द्यायचे, आणि पेला रिकामा झाल्यावर नाव विचारायचे. नाव कळले की ते वापरून घरातल्या दोघांशी ओळख करून द्यायची. ही शेवटची पायरी गाळू नये. ती नसेल तर मूल नाव विचारते आणि तिथल्या तिथे विसरते.

याच गोष्टीतला एक तपशील मुलांना हमखास आवडतो आणि पुस्तिकेने तो सोडून दिला आहे. अब्राहाम म्हणतो, थोडी भाकर आणतो. आणि प्रत्यक्षात तीन मापे सपिठाच्या भाकरी, दही, दूध आणि कोवळे वासरू पुढे ठेवतो. आपल्याकडे "चार घास खाऊन जा" म्हणतात आणि ताट भरून वाढतात, तसेच हे. हे सांगितले की अब्राहामाचा तंबू होता ते मम्रे फार दूरचे वाटत नाही.

एक काळजी इथेच सांगतो. दार उघडणे म्हणजे घरात मोठे कोणी नसताना अनोळखी माणसाला आत घेणे नव्हे. हे वाक्य फळ्यावर लिहावे आणि पालकांनाही कळवावे. मोठ्यांना हाक मारायची, पाणी पडवीतच द्यायचे. पाणी दिले म्हणजे पाहुणचार झालाच. पुस्तिकेत याचा उल्लेख नाही, आणि ही या संचातली सगळ्यात गंभीर उणीव आहे.

दुसरा पाठ लूकच्या शुभवर्तमानाच्या ७व्या अध्यायातला. शिमोन नावाच्या परूश्याने (कडक धर्मनियम पाळणाऱ्या यहुद्याने) येशूला जेवायला बोलावले, पण पाय धुवायला पाणी दिले नाही. इतर ठिकाणी ही प्रथा समजावण्यात अर्धा तास जात असेल. इथे पायरीशी बादली आणि तांब्या ठेवलेले घर मुलांनी पाहिलेले असते. पुस्तिका मुलांनी एकमेकांचे पाय धुवावेत असे सुचवते. लहान गटात चालते, पण दहा वर्षांपुढच्या मुली संकोचतात आणि मुलगे खिदळतात. पवित्र गुरुवारी (ईस्टरआधीच्या गुरुवारी) वेदीसमोर होणाऱ्या पाय धुण्याच्या विधीचे गांभीर्य त्यात उरत नाही. तांब्याने हातावर पाणी घालायचे आणि टॉवेल पुढे करायचा, एवढे पुरे. वीस मुलांना दोन बादल्या पाणी आणि चार टॉवेल लागतात. खाली गोणपाट अंथरावे, नाहीतर फरशीवर कोणीतरी घसरणारच.

तिसरा पाठ शूनेम गावच्या बाईचा: अलीशा संदेष्ट्यासाठी गच्चीवर खोली, त्यात पलंग, मेज, खुर्ची आणि दिवा. ठीक आहे, चित्रे छान आहेत, वीस मिनिटांत होतो.

चौथा पाठ मार्था आणि मरिया या बहिणींचा: येशू घरी आल्यावर मरिया त्याचे ऐकत बसते, मार्था कामात गुंतते आणि तक्रार करते. यात मार्थेला खलनायिका केले आहे. मरिया शहाणी, मार्था कटकटी, इतके सोपे. पण लूक स्पष्ट सांगतो की येशूला घरात घेतले ते मार्थेने. ज्या मुलांच्या आया सणाला पहाटेपासून चुलीपुढे असतात, त्यांना या पाठातून आईबद्दल काय कळेल? शिवाय चित्रात वाढणाऱ्या सगळ्या मुली आणि बसलेले सगळे मुलगे. कामवाटपाच्या चिठ्ठ्या इथे उपयोगी पडतात: दार, पाणी, वाढणे, भांडी घासणे, पाहुण्याजवळ बसून बोलणे. चिठ्ठी ज्याला येईल त्याने ते काम करायचे, मग मुलगा असो की मुलगी. दर आठवड्याला चिठ्ठी बदलायची. 'पाहुण्याजवळ बसणे' हे कामच आहे, हे लक्षात आले की मरियाही कळते. जोडीला पेत्राच्या पहिल्या पत्रातले ४:९ घ्यावे, पाहुणचार कुरकूर न करता करा असे सांगणारे. मार्थेची चूक कामात नव्हती, कुरकुरीत होती, हे मुले आपणहून ओळखतात.

पाचवा पाठ या संचाचे सोने आहे. प्रेषितांच्या कृत्यांच्या २७-२८व्या अध्यायात प्रेषित पौलाचे जहाज फुटते, २७६ माणसे पोहत आणि फळ्यांना धरून माल्टा बेटावर लागतात, पाऊस आणि थंडी असते, आणि तिथले लोक शेकोटी पेटवतात. आलेल्यांत कैदी होते, शिपाई होते, खलाशी होते. निवडानिवड न करता सगळ्यांना शेकोटीजवळ घेतले. किनाऱ्यावरच्या मुलांना वादळ, फुटलेली होडी आणि ओले कपडे समजावून सांगावे लागत नाहीत. आणि पाहुणचार करणारे ते बेटवाले ख्रिस्ती नव्हते, हे मुद्दाम सांगावे. आपण फक्त देणारे नाही, घेणारेही आहोत, हे या एका गोष्टीतून जितके पोचते तितके अख्ख्या पुस्तिकेत नाही. त्याला धरून लूक १०:८ घ्यावे: पुढे वाढतील ते खा. गणपतीत शेजारच्या घरी गेल्यावर पानातले न टाकणे आणि नाताळात शेजारी आले की केकमध्ये अंडे आहे हे आधी सांगणे, दोन्ही या पाठातच बसते. कुसवाराच्या (नाताळच्या फराळाच्या) ताटातल्या बिनअंड्याच्या नेवऱ्या (करंज्या) वेगळ्या बशीत ठेवाव्यात.

आता पंगत. सहाव्या पाठात समारोपाच्या जेवणाला पालकांना बोलवा असे लिहिले आहे. पाठाला आधार घेतलाय लूक १४:१२-१४ चा, जिथे येशू नेमके उलट सांगतो: मित्र, भाऊ, नातेवाईक, श्रीमंत शेजारी यांना बोलावू नका, ते परत बोलावतील. उतारा एक आणि कृती त्याच्या विरुद्ध. निमंत्रणपत्रिका बंदरावरच्या नेपाळी खलाशांना, आंब्याच्या बागा राखणाऱ्या कुटुंबांना, वृद्धाश्रमातल्या आजी-आजोबांना जायला हव्यात. द्यायला मुलांबरोबर दोन मोठी माणसे असावीत आणि पालकांची लेखी संमती असावी. जेवणावेळी पत्रके वाटू नयेत, प्रवचन देऊ नये. पाहुण्याला जेवणाची किंमत मोजावी लागते आहे असे वाटले की पाहुणचार संपला.

वेळापत्रकही पुस्तिकेच्या हिशोबाने लावू नये. जूनमध्ये वर्ग सुरू होतात म्हणून पहिल्याच सहा रविवारी हा संच घेतला, तर पंगत जुलैत येते. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते. खलाशी गावी गेलेले असतात, बागेतले राखणदारही आंबा उतरल्यावर जातात. बोलवायला कोणी उरत नाही. ईस्टरआधीच्या उपवासकाळाचे सहा रविवार सगळ्यांत उत्तम.

पेयासाठी पुस्तिका 'फळांचा ज्यूस' म्हणते. कोकम सरबत करावे. ३० पेल्यांना, प्रत्येकी १५० मि.ली. धरून, ७५० मि.ली. अमृत कोकम (कोकमाचा गोड पाक) आणि पावणेचार लिटर पाणी, चिमूटभर मीठ, भाजलेल्या जिऱ्याची पूड. बाटली अमृत कोकमचीच आहे ना, हे पाहून घ्यावे. आगळ, म्हणजे कोकमाचा मीठ घातलेला रस, खारट असते आणि घाईत नेमकी तीच ओतली जाते. स्टीलच्या पातेल्यात करावे, पितळेत आंबट कळकते.

सामानाचा दर्जा मध्यम. फेल्टच्या आकृत्या पावसाळी हवेत फलकावरून गळून पडतात. मागे पॉलिश पेपरचा बोटभर तुकडा चिकटवला की धरतात. पुठ्ठ्याच्या दाराच्या घडीवर आतून कापडी पट्टी लावून घ्यावी, नाहीतर दुसऱ्या रविवारीच फाटते. मे संपण्याआधी सगळे उन्हात तासभर ठेवून झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात भरावे. खोक्यातच राहिले तर गणपतीपर्यंत बुरशी धरते.

पुस्तिकेची भाषा मात्र पुढच्या आवृत्तीत बदलायलाच हवी. 'स्वागतशील हृदय जोपासा' हे वाक्य सात वर्षांच्या मुलाला कोण समजावणार? "या, बसा, पाणी घ्या" हे त्याला येते. ४५ मिनिटांच्या वर्गात पुस्तिकेतले दहा मिनिटांपेक्षा जास्त वाचू नये. उरलेला वेळ दाराला द्यावा. वीसपेक्षा जास्त मुले असतील तर दुसरे दार घरी करून घ्यावे, फ्रिजच्या खोक्याचा पुठ्ठा त्याला पुरतो.