भरदुपारी दाखवलेली दुर्बीण

जुन्या छोट्या दुर्बिणी विकणाऱ्या एकाने मला व्यवस्थित गंडवलं. पैसे परत मिळालेले नाहीत, मिळतील असं वाटतही नाही. पण त्याची पद्धत एकदा कळली की पुढच्या माणसाला ती सहज पकडता येईल, म्हणून सविस्तर लिहितोय.

दुर्बीण ८×२० ची, म्हणजे आठपट मोठं दाखवणारी आणि समोरचं भिंग २० मिलिमीटरचं. दोन बिजागऱ्यांवर घडी होऊन शर्टाच्या खिशात बसणारी, नावाजलेल्या जर्मन कंपनीची. जाहिरातीत लिहिलं होतं, 'सत्तरच्या दशकातली, फेज कोटिंगवाली, काचा आरशासारख्या.' यातले पहिले दोन दावे एकत्र नांदूच शकत नाहीत. अशा दुर्बिणीत रूफ प्रिझम, म्हणजे छपरासारखी कड असलेला काचेचा लोलक असतो. त्यात प्रकाशाचे दोन भाग होतात आणि पुन्हा जुळताना त्यांचा मेळ थोडा चुकतो, त्यामुळे चित्राची धार बोथट होते. त्यावर उपाय म्हणून प्रिझमवरचा पातळ लेप, म्हणजे फेज कोटिंग आलं. झाइस या जर्मन कंपनीने ते आणलं १९८८ मध्ये. मी हे विचारल्यावर पठ्ठ्या क्षणभरही अडखळला नाही. म्हणाला, "अहो, कंपनीनेच नंतर सर्व्हिसिंगला बसवून दिलंय." बिल मागितलं तर ते 'घर बदलताना गहाळ' झालेलं.

वस्तू त्याने प्रत्यक्ष भेटून दाखवली. इथे त्याची खरी हुशारी. भेट भरदुपारी, मोकळ्या जागी. मला सूर्याकडे पाठ करून उभं केलं आणि लांबचं, लख्ख उन्हातलं झाड बघायला सांगितलं. "पानं मोजा पानं!" दिसतही होती. आतल्या काचेवर वंगणाच्या वाफेचा पातळ थर बसलेला असला, तरी प्रकाश पाठीमागून येत असताना तो फारसा जाणवत नाही. उजेडाच्या दिशेने पाहिलं की तोच थर पेटून उठतो आणि सगळं चित्र दुधाळ होतं. संध्याकाळी रस्त्यावरच्या दिव्यांकडे दुर्बीण वळवली तेव्हा प्रत्येक दिव्याभोवती धुकं होतं.

एक गोष्ट मात्र त्याच्या माथी मारता येणार नाही. संध्याकाळी चित्र अंधारलेलं दिसणं हा ८×२० चा स्वभावच आहे. २० भागिले ८, म्हणजे डोळ्यात शिरणारा प्रकाशाचा झोत जेमतेम अडीच मिलिमीटरचा. उन्हात आपली बाहुलीही साधारण तेवढीच आकसलेली असते, म्हणून दुपारी काही कमी पडत नाही. तेव्हा अंधारलेलं चित्र वेगळं आणि दुधाळ चित्र वेगळं. पहिल्यासाठी भांडू नका.

मग टॉर्च घेतला. समोरच्या भिंगातून तिरपा उजेड आत सोडला आणि त्याच बाजूने डोकावलो. डाव्या नळीत राखाडी साय, उजव्या नळीत प्रिझमच्या कडेला मुळांसारखे बारीक तंतू. ही बुरशी. ती कोटिंग खाते, त्यामुळे साफ केली तरी डाग राहू शकतो. बाहेरच्या काचा मात्र खरोखरच आरशासारख्या होत्या, कारण फोटोत तेवढ्याच येतात.

याहून वाईट दोष मला उशिरा सापडला. थोडा वेळ पाहिलं की कपाळ ठणकायचं. दोन नळ्या एका रेषेत नसल्या तरी डोळ्यांचे स्नायू ओढाताण करून दोन्ही चित्रं जुळवून घेतात, म्हणून हातात घेतल्या घेतल्या काहीच कळत नाही. विक्रेत्याची मिनिटभराची 'बघून घ्या' या जुळवून घेण्यावरच चालते. तपासायचं असेल तर दूरच्या छपराची आडवी कड धरा आणि दुर्बीण हळूहळू डोळ्यांपासून वीतभर लांब न्या. दोन्ही वर्तुळांत ती कड एकाच उंचीवर राहिली पाहिजे. माझ्या दुर्बिणीत उजवीकडची कड स्पष्ट खाली होती. आडव्या दिशेचा थोडा फरक डोळे सोसतात, वर-खालचा जवळजवळ नाहीच.

दुरुस्ती करणाऱ्याने उघडल्यावर स्क्रूच्या खाचा ओरबाडलेल्या निघाल्या आणि एक प्रिझम चक्क गोंदाने चिकटवलेलं. "ही आपटलीय, आणि कुणीतरी घरी जोडलीय," असं तो म्हणाला. विक्रेत्याला फोन केला तर उत्तर तयार होतं, "तुम्ही स्वतः बघून ओके म्हणालात ना?" त्यानंतर नंबर ब्लॉक.

काही दिवसांनी तीच जाहिरात पुन्हा झळकली, फोटोही तेच. म्हणजे फोटोतली दुर्बीणच माझ्याकडे आली होती, याची खात्री उरली नाही. तेव्हा ते फोटो मोठे करून पाहिले. जिथे जिथे अनुक्रमांक दिसायला हवा होता, तिथे तिथे त्याचा अंगठा आहे. तुम्ही अनुक्रमांकाचा उघडा फोटो मागा, आणि समोरच्या भिंगातून टॉर्च मारून काढलेला दुसरा. दोन्हीसाठी दुर्बीण उघडावी लागत नाही, त्यामुळे 'सील तुटेल' हे कारण ऐकून घेऊ नका. भेट ठरवायची तर दिवे लागल्यावरची ठरवा. माझ्या ओळखीच्या एकाने त्याच विक्रेत्याला संध्याकाळची वेळ सुचवली होती. त्याला उत्तर आलं, "दुर्बीण कालच गेली." जाहिरात अजून तिथेच आहे.