धातू, माणूस आणि चौकशी अहवाल : राजारामपुरीतील विमान अपघात अभ्यासवर्गाविषयी

राजारामपुरीतील एका छोट्या सभागृहात सहा शनिवार चाललेला ‘ऐतिहासिक विमान अपघात आणि त्यांची कारणे’ हा मराठी अभ्यासवर्ग नुकताच पूर्ण झाला. संध्याकाळी साडेपाच ते साडेसात ही वेळ, सहाशे रुपये शुल्क आणि चाळीसच्या आत आसने, असा त्याचा साधा आराखडा होता. वर्ग घेणारे सर विमानांच्या देखभाल-दुरुस्तीच्या कामात आयुष्य घालवून कोल्हापुरात स्थायिक झालेले अभियंते आहेत. उजळाईवाडीच्या विमानतळावरून आता आपल्याकडची पुष्कळ कुटुंबे विमानाने ये-जा करू लागली आहेत, आणि अहमदाबादच्या अपघातानंतर घरोघरी जे बोलले गेले त्यात माहितीपेक्षा मोबाइलवरून आलेल्या अफवाच अधिक होत्या. अशा वेळी हा विषय कोणीतरी अभ्यास म्हणून हाती घेणे आवश्यक होते, आणि सरांनी तो तसाच हाती घेतला.

अपघात झाला की दुसऱ्या दिवशी ‘वैमानिकाची चूक की यंत्रातील बिघाड’ एवढाच प्रश्न विचारला जातो. या वर्गात तो पहिल्याच शनिवारी बाजूला ठेवण्यात आला. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या नियमावलीतील तेराव्या परिशिष्टाप्रमाणे चौकशीचा हेतू पुढचा अपघात टाळणे हा असतो. कोणाला दोषी ठरवणे हे त्या चौकशीचे काम नव्हे. भारतात २०१२ पासून विमान अपघात तपास ब्युरो हे काम पाहतो. ही पार्श्वभूमी थोडक्यात सांगून सर थेट प्रकरणांकडे वळले, हे योग्य झाले.

वर्गाचा कणा म्हणजे धातूविषयीची तीन व्याख्याने. त्यांची सुरुवात कॉमेट या ब्रिटिश जेट प्रवासी विमानांपासून झाली. १० जानेवारी १९५४ रोजी इटलीच्या एल्बा बेटाजवळ बीओएसी या ब्रिटिश विमान कंपनीचे कॉमेट समुद्रात कोसळून ३५ जण मृत्युमुखी पडले आणि ८ एप्रिल रोजी नेपल्सजवळ दुसरे कॉमेट पडून २१ जण गेले. फार्नबरोच्या संशोधन केंद्राने त्याच प्रकारच्या एका विमानाचा सांगाडा पाण्याच्या प्रचंड टाकीत बसवला आणि आतील दाब वाढवून-उतरवून शेकडो उड्डाणांचा ताण त्याला पुन्हा पुन्हा दिला. हवेने दाब दिला असता तर सांगाडा फुटताना त्याच्या चिंधड्या उडाल्या असत्या; पाणी जवळजवळ दबत नसल्याने पहिली चीर जिथे पडली तिथेच ती तपासता आली. प्रत्यक्षातील १,२२१ आणि टाकीतील १,८३६ अशा एकूण ३,०५७ उड्डाणांनंतर तो सांगाडा फाटला. एल्बाजवळ पडलेल्या विमानाने तर आत दाब ठेवून केलेली १,२९० उड्डाणेच पूर्ण केली होती. खिडक्या चौकोनी होत्या म्हणून कॉमेट फुटले, असे सर्रास सांगितले जाते. एल्बाच्या अवशेषांत मात्र फाटण्याची सुरुवात छतावरील अँटेनाच्या झरोक्याच्या कोपऱ्यापाशी झाल्याचे आढळले होते, हे सरांनी आवर्जून सांगितले. उड्डाणातील संभाषण ध्वनिमुद्रित करणाऱ्या यंत्राची कल्पना मेलबर्नच्या डेव्हिड वॉरन यांना याच कॉमेटच्या चौकशीत काम करताना सुचली, हा दुवाही त्यांनी जोडून दिला.

त्यानंतरचा दुरुस्तीवरचा शनिवार माझ्या मते संपूर्ण वर्गातील सर्वोत्तम होता. १२ ऑगस्ट १९८५ रोजी जपान एअरलाइन्सचे टोकियोहून ओसाकाला निघालेले १२३ क्रमांकाचे विमान डोंगरात कोसळले. विमानातील ५२४ जणांपैकी ५२० जण मृत्युमुखी पडले. एकाच विमानाच्या अपघातात इतकी माणसे त्याआधी किंवा त्यानंतर कधीही दगावलेली नाहीत. कारण मात्र सात वर्षे जुने होते. जून १९७८ मध्ये ओसाकाला उतरताना या विमानाची शेपूट धावपट्टीला घासली होती, आणि मागच्या बाजूची दाब रोखणारी घुमटाकार भिंत विमान बनवणाऱ्या बोइंग कंपनीच्याच तंत्रज्ञांनी दुरुस्त केली होती. जोडावर बसवायची पट्टी अखंड असायला हवी होती. प्रत्यक्षात तिचे दोन तुकडे बसवले गेले आणि त्यामुळे रिव्हेटांच्या (पत्रे जोडणाऱ्या खिळ्यांच्या) दोन ओळींनी वाहायचा भार काही भागात एकाच ओळीवर आला. त्या अवस्थेत विमानाने १२,३१९ उड्डाणे केली. मग भिंत फाटली, आतली हवा शेपटीत घुसली, उभ्या शेपटीचा मोठा भाग तुटून पडला आणि चारही हायड्रॉलिक प्रणाली (द्रवाच्या दाबाने विमानाची दिशा वळवणाऱ्या यंत्रणा) रिकाम्या झाल्या. चालक दलाने त्यानंतरही सुमारे अर्धा तास विमान हवेत ठेवले.

हे सांगून झाल्यावर सरांनी उद्यमनगरातील एका वर्कशॉपमधून मुद्दाम करून आणलेल्या ॲल्युमिनियमच्या दोन जोडपट्ट्या वर्गात फिरवल्या. एकीतील मधली पट्टी अखंड होती, दुसरीतील कापलेली. वरून दोन्ही तंतोतंत सारख्या दिसत होत्या. रिव्हेटांची डोकी तितकीच, रांगा तितक्याच, आणि बोट फिरवले तरी कोठे काही लागत नव्हते. पट्टी कडेने उजेडासमोर धरल्यावरच मधली केसाएवढी फट दिसत होती. दुरुस्तीनंतरच्या तपासण्यांतून हा दोष इतकी वर्षे कसा निसटला, हे पुढे कोणाला समजावून सांगावे लागले नाही.

त्याच संध्याकाळी बोल्टचीही एक जोडी हातोहात फिरली. १० जून १९९० रोजी बर्मिंगहॅमहून निघालेल्या ब्रिटिश एअरवेजच्या विमानाची चालक कक्षातील समोरची एक काच हवेत असताना निघून गेली आणि मुख्य वैमानिक कमरेपर्यंत बाहेर ओढले गेले. कर्मचाऱ्यांनी त्यांचे पाय धरून ठेवले, सहवैमानिकाने विमान साउदॅम्प्टनला उतरवले आणि सर्वजण वाचले. ती काच उड्डाणाच्या २७ तास आधी रात्रपाळीत बदलण्यात आली होती. नव्वद बोल्टांपैकी ८४ बोल्ट व्यासाने ०.६६ मिलिमीटरने बारीक निघाले, कारण काम करणाऱ्याने जुना बोल्ट हातात धरून त्याच्याशी जुळणारे बोल्ट नजरेने निवडले होते. काच बाहेरून बसवण्याची रचना असल्यामुळे आतील दाब तिला सतत बाहेर ढकलत होता, ही बाबही तितकीच महत्त्वाची होती. माझ्या शेजारी बसलेल्या शिरोलीच्या एका कारखानदारांनी खिशातून व्हर्निअर काढून सरांनी आणलेले दोन्ही नमुने मोजले आणि मान डोलावली; नजरेने मला तरी त्यांतला फरक ओळखता आला नाही.

कोल्हापूरच्या श्रोत्यांना सर्वांत जवळचे वाटलेले प्रकरण मात्र अमेरिकेतील सू सिटीचे होते. १९ जुलै १९८९ रोजी युनायटेड एअरलाइन्सच्या डीसी-१० विमानाच्या शेपटीतील इंजिनाच्या पुढच्या पंख्याची टायटॅनियमची चकती फुटली आणि तिच्या तुकड्यांनी तिन्ही हायड्रॉलिक प्रणाली कापल्या. कप्तान आल हेन्स आणि प्रवासी म्हणून बसलेले प्रशिक्षक डेनी फिच यांनी उरलेल्या दोन इंजिनांचा जोर कमी-जास्त करत ते विमान सू सिटीच्या धावपट्टीपर्यंत आणले. २९६ पैकी १८४ जण वाचले, ११२ दगावले. चकतीचे तुकडे पुढे सुमारे तीन महिन्यांनी आयोवातील मक्याच्या शेतात, कापणीच्या वेळी सापडले. धातू वितळवताना आत राहून गेलेला नायट्रोजनयुक्त, ठिसूळ असा एक बारीक दोष हे चीर पडण्याचे मूळ होते. त्या काळी असे टायटॅनियम निर्वातात दोनदा वितळवत. लवकरच तीनदा वितळवण्याची पद्धत रूढ झाली. चीर सुमारे सतरा वर्षे वाढत राहिली आणि १९८८ मध्ये चमकणारे द्रव वापरून केलेल्या तपासणीत ती दिसण्याइतकी मोठी असूनही नजरेतून सुटली.

इथे वर्गात खरी चर्चा पेटली. समोर बसलेल्यांपैकी निम्मे लोक फौंड्रीशी संबंधित होते, आणि इन्क्लूजन (धातूत अडकून राहिलेला परका कण) म्हणजे काय हे त्यांना शिकवण्याची आवश्यकता नव्हती. गोकुळ शिरगावहून आलेले एक ज्येष्ठ गृहस्थ उठून म्हणाले, “आमच्याकडं असला डाग दिसला तर अख्खी हीट (एका वेळी वितळवलेला सगळा धातू) बाजूला ठेवतोय सर. पण जो डाग दिसतच न्हाई, त्याचं काय करायचं?” सरांनी या प्रश्नाला घाईने उत्तर दिले नाही. तपासणारा माणूस दिवसभर शेकडो निर्दोष भाग पाहतो आणि त्यामुळे पुढचा भागही निर्दोषच असेल अशी त्याच्या डोळ्यांना सवय लागते, हे अमेरिकी चौकशीतही मांडले गेले होते. म्हणून तपासणीची वेळ, प्रकाश आणि दुसऱ्या व्यक्तीची फेरतपासणी यांवर त्यांनी बराच वेळ दिला. आपल्या शहरातून वाहनांचे आणि यंत्रांचे सुटे भाग देशभर जातात, हे लक्षात घेता सहाशे रुपयांची किंमत एवढ्या एका चर्चेतच वसूल झाली, असे मी म्हणेन.

सरांच्या आणखी एका निर्णयाची प्रशंसा करायला हवी. त्यांनी कोणत्याही अपघातातील मृतांची छायाचित्रे दाखवली नाहीत आणि चालक कक्षातील अखेरच्या क्षणांचे ध्वनिमुद्रणही ऐकवले नाही. जिथे शब्द आवश्यक होते तिथे ते अहवालाच्या आधारे, साध्या आवाजात सांगितले गेले. ज्यांची माणसे गेली ती कुटुंबे आजही हयात आहेत, याचे भान या विषयात फार थोडे लोक ठेवतात.

स्पेनच्या टेनेरिफ बेटावरील अपघाताचे व्याख्यान जमले, पण त्यात नवे थोडे होते. २७ मार्च १९७७ रोजी धुक्याने झाकलेल्या लॉस रोदेओस विमानतळावर केएलएम आणि पॅन ॲम या कंपन्यांची दोन बोइंग ७४७ विमाने धावपट्टीवरच एकमेकांवर आदळली आणि ५८३ जण गेले, हे बहुतेकांनी वाचलेले असते. शेजारच्या ग्रान कनारिया विमानतळावर बॉम्बस्फोट झाल्याने विमाने इकडे वळवली गेली होती. एकाच क्षणी दोघे बोलल्याने महत्त्वाचे संदेश शिट्टीसारख्या आवाजात बुडाले. आणि केएलएमच्या फ्लाइट इंजिनिअरने ‘ते पॅन ॲम बाजूला झाले नाही का?’ असे विचारूनही कंपनीतील सर्वांत प्रतिष्ठित प्रशिक्षक असलेल्या कप्तानांनी विमान थांबवले नाही. वरिष्ठाला स्पष्टपणे अडवण्याचे प्रशिक्षण कनिष्ठांना देण्याची पद्धत पुढे जगभर का आली, हे त्यातून कळते, परंतु अशी वेळ आपल्या कार्यालयांत आणि कारखान्यांत येते तेव्हा काय होते, याकडे सर वळले नाहीत. जी जवळीक त्यांनी धातूच्या बाबतीत साधली, ती माणसांच्या बाबतीत इथे साधली गेली नाही.

माझी मुख्य तक्रार शेवटच्या शनिवारविषयी आहे. भारतातील सर्व अपघात त्या एकाच संध्याकाळी कोंबण्यात आले. १ जानेवारी १९७८ रोजी सांताक्रूझहून निघून वांद्र्यासमोरच्या समुद्रात पडलेले एअर इंडियाचे ‘एम्परर अशोक’, ज्यात विमानाचा कल दाखवणारे कप्तानांसमोरचे उपकरण बिघडले आणि रात्रीच्या काळोखात २१३ जण गेले, ते दहा मिनिटांत उरकले. १२ नोव्हेंबर १९९६ च्या चरखी दादरीच्या टकरीलाही फार वेळ मिळाला नाही. त्या टकरीत ३४९ जण मृत्युमुखी पडले. कझाक विमानाला १५,००० फुटांवर राहण्यास सांगितले होते, ते त्याखाली आले आणि १४,००० फुटांवरील सौदी विमानाला धडकले. दिल्लीच्या त्या वेळच्या रडारवर विमानाची उंची दिसत नव्हती. आणि नियंत्रकाशी इंग्रजीत बोलणाऱ्या कझाक रेडिओ कर्मचाऱ्यासमोर स्वतःचे उंचीदर्शक नव्हते. यातली प्रत्येक बाब अर्धा तास घेण्याच्या योग्यतेची आहे.

मंगळूरचे तर सर्वाधिक वाईट वाटले. २२ मे २०१० रोजी दुबईहून आलेले एअर इंडिया एक्स्प्रेसचे विमान पठारावरील धावपट्टीच्या पुढे दरीत गेले आणि १६६ पैकी केवळ आठजण वाचले. एअर मार्शल भूषण गोखले यांच्या अध्यक्षतेखालील चौकशीने नोंदवले की कप्तान प्रवासाचा मोठा भाग झोपले होते, विमान नको तितक्या उंचीवरून खाली आणले गेले, आणि सहवैमानिकाने तीनदा सुचवूनही पुन्हा वर जाण्याचा निर्णय वेळेत झाला नाही. टेनेरिफचा प्रश्न तेहतीस वर्षांनी आपल्या शेजारच्या राज्यात जसाच्या तसा उभा राहिला होता, आणि दोन्ही प्रकरणे शेजारी ठेवून शिकवण्याची उत्तम संधी वेळेअभावी निसटली.

अहमदाबादविषयी मात्र सरांनी दाखवलेला संयम मला पूर्णपणे पटला. १२ जून २०२५ च्या त्या अपघाताच्या प्राथमिक अहवालातील इंधनाच्या स्विचविषयीची वाक्ये त्यांनी वाचून दाखवली, शब्दशः अर्थ सांगितला आणि तर्कांसाठी विचारलेल्या प्रश्नांना नम्रपणे नकार दिला. काही श्रोते नाराज झाले. परंतु पहिल्या शनिवारी सांगितलेले तत्त्व सहाव्या शनिवारी मोडले असते तर वर्गाचा पायाच ढासळला असता.

सोयींबद्दल थोडक्यात. सभागृह स्वच्छ आहे, मात्र मागच्या दोन रांगांपर्यंत पडद्यावरील आकृत्या नीट पोहोचत नाहीत, त्यामुळे लवकर जाऊन पुढे बसावे. टिपणे म्हणून दिलेली चार पाने फारच अपुरी आहेत; आकृत्यांसह चाळीसेक पानांची मराठी पुस्तिका दिली तर दोनशे रुपये अधिक द्यायलाही कोणी कुरकुर करणार नाही. अभियांत्रिकीच्या आणि आयटीआयच्या विद्यार्थ्यांनी, तसेच गुणवत्ता तपासणीचे काम करणाऱ्या प्रत्येकाने हा वर्ग करावा. बारा वर्षांखालील मुलांना आणू नये. पुढची तुकडी दिवाळीनंतर सुरू होणार असल्याचे सांगण्यात आले आहे; तिच्यात सहाऐवजी सात शनिवार ठेवून चरखी दादरी आणि मंगळूर या दोहोंना एक पूर्ण संध्याकाळ द्यावी, अशी लेखी सूचना मी आयोजकांकडे दिली आहे.