अलक (अति लघुकथा) लेखनाचा रविवारचा वर्ग, सोलापूर

सात रस्त्याजवळच्या या वर्गात १०० शब्दांत कथा बसवायला शिकवतात, तेही मन लावून. आधी ३०० शब्दांचा खर्डा, मग विशेषणं आणि पूर्वकथा काढत तो खाली आणायचा. सराव फार चांगला निवडलाय: यंत्रमाग कामगार रात्रपाळी करून घरी येतो, दाराला कुलूप. कारण सांगायचं नाही. ते कळेल असा एकच तपशील ठेवायचा. बहुतेक कथा इथेच फसतात, कारण शेवटच्या धक्क्याच्या नादात आधी काही पेरलेलंच नसतं. शीर्षकाला मात्र पाचच मिनिटं देतात, हे खटकतं. इतक्या छोट्या कथेत स्थळकाळाचं बरंच ओझं शीर्षकच उचलतं. वही घेऊन जा, मोबाइलवर खोडलेले शब्द दिसत नाहीत.