कागदावरचं वाचन की मोबाईलवरचं?

आजोबा पुस्तकात डोकं घालून बसले की घरात सगळे हळू बोलणार, आणि नातू मोबाईलवर तीच कादंबरी वाचत असला तर "ठेव तो फोन आधी", हा भेदभाव मला कधी पटला नाही, पण त्याला थोडं कारण आहे. पुस्तकाचं कव्हर समोरच्याला दिसतं, फोनमागे वाचन चाललंय की रील्स हे कोणाला कळणार? तसं जेवताना पुस्तक घेऊन बसल्याबद्दल आधीच्या पिढीनेही बोलणी खाल्लीच आहेत, ते आता कोणी सांगत नाही.

लांबलचक काही वाचायचं तर कागदच बरा. मागचा एखादा प्रसंग डाव्या पानावर खाली होता एवढं आठवतं आणि बोटं बरोबर तिथे जातात, स्क्रोलमध्ये मजकूर नुसता वर सरकत राहतो, त्यात वरून नोटिफिकेशन टपकलं की संपलंच सगळं. फोनचे फायदेही खरे आहेत, अक्षर मोठं करता येतं (याचा जास्त उपयोग चष्मेवाल्या आजोबांनाच, आणि नाक मुरडणारेही तेच), अडलेला शब्द दाबून धरला की अर्थ हजर, रांगेत उभ्या उभ्या चार पानं होतात.

आयफोन आणि किंडल (अ‍ॅमेझॉनचं ई-पुस्तकं वाचायचं यंत्र) दोन्ही २००७ मध्ये आले. किंडलची ई-इंक, म्हणजे छापील शाईसारखी दिसणारी स्क्रीन, डोळ्यांना कागदासारखीच वाटते, तरी खिशात राहिला तो फोनच.

माझं म्हणाल तर कादंबरी कागदावर, बातम्या आणि लेख फोनवर, तेही आधी उघडून ठेवून मग एअरप्लेन मोड टाकून.